मिसेस स्टेगमन यांच्या शेजारची खुर्ची

मार्चमध्ये प्रत्येक पक्ष आपला उमेदवार ठरवतो ती प्राथमिक निवडणूक असते, तेव्हा टेबलापाशी उभं राहून कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी ते तोंडाने सांगावं लागतं. कुजबुजून चालत नाही, टेबलावरच्यांना स्पष्ट ऐकू जायला हवं असा नियमच आहे. आत पडद्यामागे कोणाच्या नावावर खूण केली ते गुप्त राहतं, पण तुम्ही कोणाच्या बाजूचे ते आधी सगळ्या खोलीला कळतं. आमची खोली म्हणजे टाउनशिपची शेड. बर्फ ढकलायचा ट्रक त्या दिवशी बाहेर काढतात आणि अर्ध्या शेडमध्ये मेथडिस्ट चर्चच्या बायका चिली, म्हणजे राजम्याचं तिखट कालवण, आणि फळं भरून भाजलेले गोड ‘पाय’ विकायला बसतात. मत देऊन झालं की कोणी घरी जात नाही. वाडगा घेऊन तिथेच बसतात, आणि पुढचा माणूस टेबलापाशी काय म्हणतो ते ऐकतात.

टेबलाच्या भिंतीकडच्या टोकाला ऑर्फा स्टेगमन बसतात. एकवीस वर्षं त्या तिथे डेमोक्रॅट पक्षाच्या मतदान अधिकारी आहेत. दोन्ही पक्षांची माणसं टेबलावर असल्याशिवाय केंद्र उघडता येत नाही, म्हणून त्यांच्या पक्षाच्या दोन आणि रिपब्लिकनांच्या तीन खुर्च्या असतात. वय एकोणऐंशी. पहाटे पाचला येतात, चष्म्याची दोरी गळ्यात, थर्मासात काळी कॉफी, आणि पिशवीत स्वतःची उशी, कारण शेडच्या लोखंडी खुर्च्या मार्चमध्ये बर्फासारख्या असतात.

पन्नाशीच्या आतलं आमच्या गावातलं कोणीही त्यांना ऑर्फा म्हणत नाही. आम्ही सगळे त्यांच्या हातचं जेवलो आहोत. एकतीस वर्षं त्या शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. मी पहिलीत असताना खिडकीपाशी ताट पुढे केलं की त्या विचारायच्या, "नोरीन, काल किती खाल्लंस?" आणि मी खरं बोलायचे, कारण त्या बघायच्याच तशा. आजही मी त्यांना मिसेस स्टेगमन म्हणते आणि त्या मला पोरी म्हणतात. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे आणि काउंटीच्या ग्रंथालयात नोकरी करते, पण त्याने काही फरक पडत नाही.

त्यांचं राजकारण पुस्तकातून आलेलं नाही, त्या खिडकीतून आलेलं आहे. मध्ये काही वर्षं शाळेत असा नियम होता की घरून जेवणाचे पैसे आले नसतील त्या मुलाचं गरम ताट काढून घ्यायचं, कचऱ्यात टाकायचं आणि त्याला थंड चीज सँडविच द्यायचं. काढलेलं ताट दुसऱ्याला देता येत नसे. मिसेस स्टेगमननी पहिल्या दिवशी एका मुलीचं ताट उचललं, तिच्याकडे पाहिलं आणि परत ठेवलं. मुख्याध्यापकांनी बोलावलं तेव्हा म्हणाल्या, "कचऱ्याच्या डब्याला भूक लागत नाही. तुमचा नियम तुम्ही येऊन पाळा, मी सकाळी नऊपासून पळी धरून उभी आहे." नोकरी गेली नाही. तेव्हा त्यांची युनियन होती, आणि नवरा व्हर्जिल खाणीतल्या युनियनचा माणूस होता. आता खाणही नाही, युनियनही नाही. व्हर्जिलला फुप्फुसांच्या आजाराने नेलं. युनियनच्या ज्या हॉलमध्ये पक्षाच्या चिलीच्या जेवणाला साठ-सत्तर माणसं जमायची, तिथे कोणीतरी टायरचं गोदाम केलं आहे.

साठ-सत्तर माणसांचं काय झालं ते विचारलं तर त्या बोटांवर सांगतात. काही वारली, काही मुलांकडे राहायला गेली. बाकीची इथेच आहेत, रोज भेटतात, फक्त पक्ष बदलून बसली. त्यांचा मुलगाही बदलला. तो टेक्सासमध्ये असतो आणि दर रविवारी फोन करतो. पूर्वी त्या फोनवर दोघांचं इतकं वाजायचं की पलीकडच्या घरात ऐकू यायचं. मग एका ईस्टरला दोघांनी ठरवलं की नको. तेव्हापासून तो तिकडचं हवामान सांगतो, त्या इकडचं सांगतात.

"टेक्सासात किती इंच पाऊस पडला ते मला आमच्या हवामान खात्याच्या आधी कळतं," त्या म्हणतात.

अंगणात डेमोक्रॅट उमेदवाराची पाटी लावणारं आमच्या रस्त्यावर त्यांचंच घर. दोन उन्हाळ्यांत दोनदा कोणीतरी धावत्या गाडीतून बॅट मारून रस्त्याकडेला खांबावर असलेली त्यांची टपालपेटी फोडली. तिसऱ्या वेळी त्यांनी जुना दुधाचा कॅन आणला, त्यात सिमेंट ओतलं आणि पेटी त्यात उभी केली. "आता मारू दे," म्हणाल्या. "ज्याच्या मनगटाला प्लास्टर दिसेल त्याला मी सूप घेऊन जाईन." सगळे हसले. मी मात्र त्या आठवड्यात रोज संध्याकाळी खिडकीतून त्यांचा दिवा बघत होते. माझी ब्रिन सतरा वर्षांची आहे, त्याच काउंटी रोडवरून एकटी गाडी चालवत येते, आणि त्याच रस्त्यावर हातात बॅट घेऊन फिरणारी माणसं आहेत हे मला कळून चुकलं होतं.

गुरुवारी दुपारी ग्रंथालय लवकर बंद होतं. तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसते. गेली आठ वर्षं हा नेम आहे. कॉफी, मोसमाप्रमाणे पाय, आणि त्यांचा रेडिओ, ज्याच्याशी त्या भांडतात.

"ऐकलंस?" जानेवारीतल्या एका गुरुवारी त्या म्हणाल्या. "मेडिकेडचा, गरिबांचा सरकारी विमा हवा असेल तर आता काम करतोय असं दर थोड्या महिन्यांनी लिहून द्यायचं. ग्लॅडिसची सून दोन ठिकाणी काम करते, सकाळी वृद्धाश्रमात आणि रात्री गॅस स्टेशनवर. ती फॉर्म कधी भरणार? फॉर्म भरणं हीच तिसरी नोकरी झाली. आणि एक फॉर्म चुकला की पोराचं दम्याचं औषध बंद."

"तेच तर करायचंय त्यांना," मी म्हणाले. "लोक नापास होऊ देत, म्हणजे खर्च वाचला."

"बरोबर! आणि हॉस्पिटल कशावर चालतं आपलं? त्याच पैशावर. बाळंतपणाचा वॉर्ड गेलाच. आता पोरी पन्नास मैल कळा देत जातात, आणि वर आपल्यालाच सांगतात, कुटुंब महत्त्वाचं."

मी मान हलवत होते. त्या घरात मी फार जोरात मान हलवते.

"सोयाबीनचं बघ. परदेशी मालावर कर लावला, तिकडच्यांनी आपलं सोयाबीन घेणं थांबवलं. मग शेतकऱ्यांना सरकारने चेक पाठवले. मी नाही म्हणत पाठवू नका. पण कर्टिसला चेक मिळाला की ती मदत, आणि ट्रेलर पार्कातल्या बाईला धान्याची कुपनं मिळाली की ती फुकटेगिरी. हा हिशेब मला चौथीच्या पोराला समजावता येणार नाही." मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "आपल्या पक्षाचेही काही कमी नाहीत हां. शिकागोतून येतात ते नुसते पेट्रोल भरायला. मागे एक उमेदवार आला होता. त्याला मी म्हटलं, शेडमध्ये या, लोक आहेत. तो म्हणतो, वेळापत्रकात नाही. अरे बाबा, मग आम्ही तुझ्या नावाची पाटी कशाला लावतो, पक्ष्यांना बसायला?"

मग त्या धाडीवर आल्या. पलीकडच्या कोंबड्यांच्या उबवणी केंद्रावर मागच्या शरदात कागदपत्रं नसलेल्या परदेशी कामगारांना पकडायला सरकारची धाड पडली, त्यात शाळेतल्या दोन मुलींचा बाप नेला होता. त्या मुली मिसेस स्टेगमनच्या ओळखीच्या, कारण निवृत्त झाल्यावरही त्या वाचनाच्या तासाला शाळेत जातात. धाडीनंतर पहिल्या आठवड्यात गावातून त्या घरी जेवणाने भरलेले अकरा कॅसरोल गेले. मिसेस स्टेगमन म्हणतात, अकरा मोजले, ज्यांनी नेले ते सगळे चांगले लोक, आणि त्यातल्या दहांनी त्याच धाडीला मत दिलं होतं. दुसऱ्या आठवड्यापासून कोणी विषय काढला नाही.

"वाईट माणसं असती तर सोपं होतं," त्या म्हणाल्या. "मला यांचाच राग येतो, आणि आजारी पडले तर हेच येणार आहेत."

त्याच दिवशी त्यांनी मला खुर्चीचं विचारलं. टेबलावर त्यांच्या शेजारी बसणारे वेंडेल ऑक्स नाताळनंतर वारले होते. डेमोक्रॅटांची दुसरी खुर्ची रिकामी झाली. मार्चपुरती काउंटी क्लार्क, म्हणजे निवडणुका बघणारी अधिकारी, आपल्या ऑफिसातली मुलगी देणार होती, पण तिचं पत्र आलं होतं: एप्रिलअखेर दुसरं नाव मिळालं नाही तर हे केंद्र बंद करून मार्लोच्या केंद्रात मिळवू. मार्लो बावीस मैलांवर आहे.

"माझ्याकडे गाडी आहे, तुझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "ट्रेलर पार्कात किती जणांकडे आहे? वृद्धांच्या फ्लॅटमध्ये? टपालाने द्या म्हणतात मत. टपालपेटी उभी राहू दिली तर देऊ." मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी नऊ जणांना विचारलं, पोरी. तू दहावी. तुला शेवटी विचारलं, कारण तू नाही म्हणालीस तर मला पुढे विचारायला कोणी नाही."

मी म्हणाले, विचार करून सांगते.

विचार काय करायचा होता? रँडल, माझा नवरा, बियाणं आणि खत विकतो. त्याची गिऱ्हाइकं चौतीस, आणि त्यांतल्या प्रत्येकाचा ट्रक मला मागून ओळखू येतो. ब्रिनची शिष्यवृत्ती धान्य सोसायटीच्या समितीपुढे होती आणि समितीवर कर्टिस होता. आणि बॅट होती. मी रात्र रात्र याद्या करणारी बाई आहे. याद्यांत कधी काही चांगलं निघत नाही. प्राथमिक निवडणुकीत मी नेहमीच रिपब्लिकन मतपत्रिका मागते. शेरीफ तिथेच ठरतो, न्यायाधीश तिथेच ठरतो, दुसऱ्या बाजूला उभंच कोणी नसतं, असं मी स्वतःला सांगते. ते खरंही आहे. नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत पडद्यामागे मला हवं तिथे खूण करते. दर वेळी मिसेस स्टेगमन मला ती मतपत्रिका काढून देतात आणि गुरुवारी आम्ही त्यावर बोलत नाही.

मार्चमध्ये मी दुपारी दोनला गेले. दोनला शेड रिकामी असते. जेवणारे गेलेले, कामावरून सुटणारे अजून यायचे. मी ठरवून गेले होते की या वेळी ‘डेमोक्रॅट’ सांगायचं. गाडीत दोनदा मोठ्याने म्हणूनही पाहिलं. पण आदल्या रात्री पाऊस झाला होता हे माझ्या लक्षातच आलं नाही. शेतं ओली, ट्रॅक्टर घालता येत नव्हते, आणि गावातले झाडून सगळे शेतकरी शेडमध्ये वाडगे घेऊन बसले होते. बियाणं विकणाऱ्याच्या बायकोने अशी चूक करावी!

"काय गं नोरीन," कर्टिस पाय खाता खाता ओरडला, "नवऱ्याला विचार, चिखल झाला तर बियाणं परत घेतो का?"

"पेरून परत आण, घेईल," मी म्हणाले. सगळे हसले. मी टेबलापाशी गेले.

"नाव?" मिसेस स्टेगमननी विचारलं. टेबलावर त्या कोणाला ओळखत नाहीत.

मी नाव सांगितलं. त्यांनी वहीत शोधलं, पट्टी ठेवली, मला सही करायला दिली.

"कोणत्या पक्षाची मतपत्रिका?"

चमच्यांचा आवाज थांबला असं मला वाटलं. कदाचित थांबला नसेल. त्या चष्म्यावरून बघत होत्या, चेहऱ्यावर काही नाही, पण टेबलावर ठेवलेला त्यांचा उजवा हात दोन गठ्ठ्यांपैकी डावीकडच्या, कमी वापरलेल्या गठ्ठ्याकडे थोडासा सरकला होता.

"रिपब्लिकन," मी म्हणाले.

हात उजव्या गठ्ठ्याकडे गेला. "दोन्ही बाजू वाचा," त्या म्हणाल्या. सगळ्यांना म्हणतात तसंच.

संध्याकाळी सातला केंद्र बंद झालं की आकडे कागदावर लिहून दाराला चिकटवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद मी पाहिला. रिपब्लिकन दोनशे अठरा. डेमोक्रॅट चार. आधीच्या खेपेला एकोणीस होते.

बाकीचं मला फे डन्फीकडून कळलं. फे रिपब्लिकनांच्या खुर्चीवर बसते, मिसेस स्टेगमनपेक्षा पाच वर्षांनी लहान, आवाज मात्र दुप्पट. मतपत्रिकांची पेटी काउंटीच्या ठिकाणी पोचवायची तर दोन विरुद्ध पक्षांच्या माणसांनी एकाच गाडीत बसून न्यायची असते. एकवीस वर्षं या दोघी फेच्या ब्युइकमधून नेतात. पेटीला मागच्या सीटवर पट्टा लावतात. नदीवरच्या पुलापर्यंत सुना आणि गुडघे. पूल ओलांडला की राजकारण, असा त्यांचा करार आहे, म्हणजे भांडायला नऊच मैल मिळतात. फे ग्रंथालयात पुस्तकं परत करायला आली, तीन पुस्तकं काउंटरवर आपटली आणि म्हणाली,

"या वेळी पूल गेला तरी बाई गप्प! मी म्हटलं, ऑर्फा, मेलीस का? तर म्हणते, चार, फे. चारच. त्यातली एक मी."

"मग?"

"मग मी म्हटलं, हे बघ, मला काही बावीस मैल मार्लोला जाऊन मत द्यायचं नाही. माझं नाव लाव तुझ्या बाजूला. पुढच्या खेपेला मी ओरडून मागते तुझी मतपत्रिका, अख्ख्या शेडला पाय गिळता येणार नाही. खुर्ची वाचली, केंद्र वाचलं. माझ्या बाजूला काय, माणसं पडलीत."

मला हसू आलं. "काय म्हणाल्या त्या?"

फेने ओठ मुडपले. "म्हणाली, नको. म्हणाली, तू मनापासून दुसऱ्या बाजूची आहेस, म्हणून तर तुझ्या गाडीत पेटी सुरक्षित असते. मला खोटी डेमोक्रॅट नको, फे, मला एक खरी हवी होती." मग ती म्हणाली, "मी तिला दारापर्यंत सोडलं. दिवा लावून आत जाईपर्यंत थांबले. एरवी थांबत नाही."

कोणाबद्दल म्हणाल्या, ते फेला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मी रजा टाकली आणि काउंटीच्या ठिकाणी क्लार्कच्या ऑफिसात गेले. रँडलला सांगितलं होतं. तो बराच वेळ बूट काढत बसला आणि म्हणाला, "चौतीसचे तीस होतील. बघू." ब्रिनचं पत्र तोवर आलं होतं, शिष्यवृत्ती मिळाली होती, म्हणजे धैर्य होतं ते एवढंच होतं.

क्लार्क चांगली बाई आहे. तिने अर्ज घेतला, संगणकावर माझं नाव घातलं आणि पडदा माझ्याकडे वळवला.

"नोरीन, हे बघ. ही नावं पक्षाकडून यादीत यावी लागतात, आणि ते प्राथमिक निवडणुकीची नोंद बघतात. तुझ्या मागच्या सहाही रिपब्लिकन आहेत. गेल्या महिन्याचीसुद्धा."

"पण मी तशी नाही."

"असशील," ती म्हणाली. "पण इथे तू तशी आहेस. मला ही खुर्ची दुसऱ्या बाजूच्या माणसाने भरायची आहे. पुढच्या प्राथमिक निवडणुकीत त्यांची मतपत्रिका घे, मग ये."

पुढची दोन वर्षांनी. एप्रिलचे नऊ दिवस उरले होते.

"रिपब्लिकनांच्या बाजूला हवी असेल तर आजच लावते," ती म्हणाली. मदत करायची म्हणून म्हणाली.

मी पुलावरून परत आले. पंचवीस वर्षं मी लोकांपासून जे लपवलं ते इतकं चांगलं लपलं होतं की सरकारलाही सापडलं नाही.

मे महिन्यात शेडच्या दारावर पाटी लागली: मतदान केंद्र मार्लो येथे. मिसेस स्टेगमनना मार्लोच्या टेबलावर खुर्ची देऊ केली होती. अंधार पडल्यावर त्यांना आता गाडी चालवता येत नाही, म्हणून त्यांनी नाही म्हणून कळवलं. आपली उशी त्यांनी पिशवीतून काढून स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर ठेवली.

गुरुवारी मी जातेच. मला वाटलं होतं त्या रागावतील, एकदा बोलून घेतील, आणि मग मी क्लार्कच्या ऑफिसातलं सांगेन. त्या रागावल्या नाहीत. पायरीवर माझी चाहूल लागेपर्यंत आत रेडिओशी त्यांचं भांडण चाललेलं असतं. मला जाळीच्या दारातून शब्द न् शब्द ऐकू येतो. "खोटं बोलतोयस! आकडा सांग, आकडा!" मी दार ओढते, आणि त्या हात लांब करून रेडिओ बंद करतात.

"ये पोरी. रुबार्बचा पाय केलाय."

मागच्या गुरुवारी मीच विषय काढला. म्हणाले, हॉस्पिटलची रात्रीची इमर्जन्सी बंद होणार म्हणतात, ऐकलंत? मग मी क्लार्ककडे गेले होते तेही सांगितलं. सहा नोंदींचं, पडदा वळवल्याचं, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पायचा तुकडा कापून माझ्या ताटलीत ठेवला, जरा मोठाच. शाळेत ज्याने काल काही खाल्लं नाही त्याला ठेवायच्या तसा.

"गेलीस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या.

मी वाट बघत बसले. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, पश्चिमेला, शेतांच्या वर.

"शनिवारपर्यंत पाऊस नाही म्हणतात," त्या म्हणाल्या. "टेक्सासात मात्र दोन इंच पडलाय."